काकूंनी पसंत केलेला माल

काकूंच्या गराजमध्ये, मागच्या भिंतीला, थप्पीच्या सगळ्यांत खाली अकरा ओल्या बॅगा मी ठेवल्या होत्या. ओल्या आहेत हे मला ठाऊक होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्या घरात त्या ठेवल्या त्या मित्राला नाही, आणि काकूंना तर नाहीच. मी मुळातच कमी बोलणारा. अशा माणसाची एक सोय असते. तो काही लपवतोय अशी शंका कुणाला येत नाही. गप्प आहे म्हणजे नेहमीसारखाच आहे, असं सगळे धरून चालतात.

काकू म्हणजे माझ्या मित्राची आई. मित्र आणि मी पुण्याला एकाच कंपनीत होतो. न्यूझीलंडला, वेलिंग्टनमध्ये, एका वर्षाच्या अंतरानं आलो आणि जवळच्या अप्पर हट नावाच्या गावात दोन गल्ल्या सोडून घरं घेतली. सकाळची ट्रेन एकच, बसायचा डबाही एकच. त्याचे वडील गेल्यावर काकू त्याच्याकडे कायमच्या राहायला आल्या. मला त्या ‘साहेब’ म्हणायच्या. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तो ऑफिसातून थेट, टाय लावून, तेव्हापासूनचं ते नाव. "काय साहेब, भाकरी चालेल का तुम्हाला सूप करू?" माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे कुणी असं तोंडावर टिंगल करत वाढलं की मी दोन घास जास्त जेवायचो. हे त्यांच्या लक्षात आलं होतं, मला वाटतं. बोलल्या कधी नाहीत.

इथली घरं लाकडी, भिंती पातळ. जूनमध्ये इथला हिवाळा लागला की सकाळी खिडक्यांच्या आतल्या बाजूनं पाणी ओघळतं. म्हणून आम्ही दोघांनी एकाच वर्षी, एकाच मॉडेलची, पेलेटवर चालणारी शेगडी बसवून घेतली. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या, पेन्सिलीएवढ्या जाड, पेराएवढ्या लांब. शेगडीच्या वरच्या पेटीत बॅग रिकामी करायची. आत एक स्क्रू फिरत असतो, तो त्या कांड्या थोड्या थोड्या करून आगीत सोडतो. बटण दाबलं की झालं. आम्ही दोघंही इंजिनिअर, आम्हाला वाटलं, यात काय कळायचंय.

पहिल्या हिवाळ्यात दुकानात समोर दिसल्या त्या बॅगा उचलून आणल्या. दोन दिवसांत शेगडीची काच काळी. आग जळते त्या भांड्यात राखेचे वितळून दगड व्हायचे, ते सकाळी स्क्रूड्रायव्हरनं फोडायचे आणि मग ट्रेन पकडायला पळायचं. दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो. मित्राच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून राखेचं प्रमाण, ओलाव्याचं प्रमाण, कुठल्या कंपनीचे पेलेट कसे, असं सगळं वाचत बसलो. काकू शेजारी मेथी निवडत होत्या.

"काय वाचताय एवढं?"

"पेलेट कुठले घ्यायचे ते, आई."

"माल वाचून कळतो होय रे?"

त्यांच्या घरचं मार्केट यार्डात भुसार मालाचं दुकान होतं. सासऱ्यांचे डोळे गेले तेव्हा त्या दुकानात बसायला लागल्या, त्या तीस वर्षं बसल्या. गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी, सगळा माल आधी त्यांच्या हातावर यायचा आणि मग भाव ठरायचा. मित्र हे आम्हाला हसत सांगायचा, "बाबा नुसते सही करायचे, पास-नापास आई."

शनिवारी त्यांना घेऊन गेलो. गावाबाहेर शेतीच्या सामानाचं मोठं दुकान आहे. गमबूट आणि हाफ पँट घातलेला दुकानदार "किया ओरा" म्हणत पुढे आला. काकूंनी तीन प्रकारच्या बॅगा पुढे काढायला लावल्या आणि मला म्हणाल्या, "त्याला सांग, तिन्ही फोड म्हणावं. घेऊ न घेऊ, पण फोड." मला लाज वाटली. मी अर्धवटच बोललो, पण त्या माणसाला गंमत वाटली असावी. "स्वीट ऍज," म्हणजे चालेल की, म्हणाला आणि खिशातल्या चाकूनं तिन्ही बॅगांची तोंडं कापली.

काकूंनी बाही कोपरापर्यंत सारली आणि हात बॅगेत तळापर्यंत घातला. "वरचा माल सगळेच चांगला ठेवतात. तळाचा बघावा." मूठ बाहेर काढली, तळहातावर पसरली, फुंकर मारली. एक कांडी घेऊन मोडली. कट्‌ असा आवाज आला. नाकाशी नेली. आणि मग दाताखाली धरली. माझी मुलगी सोबत होती, ती माझ्या मागे लपली. "ओ माय गॉड, बाबा, आजी इज ईटिंग वुड!"

"खात नाहीये गं. विचारतीये त्याला," काकू म्हणाल्या.

पहिला माल काळपट होता. त्यात झाडाची साल दळलीय, राख फार होणार, म्हणाल्या. दुसरा दिसायला सुरेख, लांब आणि चकचकीत, पण मुठीत तळाचा भुगा फार आला. "पोत्याला लाथा बसल्यात, नाहीतर मशीनमधून घाईनं काढलाय." तिसरा फिकट, आखूड, दिसायला साधा. वास ताज्या कापलेल्या पाइनचा. तो त्यांनी दोनदा हुंगला आणि हात झटकला. "हा घ्या."

त्या हिवाळ्यात आमच्या दोन्ही शेगड्यांत एकही दगड झाला नाही. राख आठवड्यातून एकदा काढायची, तीही वाटीभर. ही बातमी पसरली. वेलिंग्टनच्याच जॉन्सनव्हिल भागातल्या एका बाईंनी काकूंना व्हॉट्सॲपवर पेलेटचे फोटो पाठवून विचारलं, घेऊ का? काकू आम्हालाच म्हणाल्या, "फोटोला वास येतो का रे?" पण मनातून खूश होत्या. इकडे आल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. नातवंडं मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची. सूनबाईंचं घर सूनबाईंच्या पद्धतीनं चालायचं, ते बरोबरही होतं. पेलेट मात्र काकूंच्या हाताला विचारून यायचे.

पुढच्या वर्षापासून आम्ही दोन्ही घरांचा मिळून अख्खा पॅलेट, म्हणजे लाकडी चौकटीवर रचून येणारी बॅगांची मोठी थप्पी, मागवायला लागलो. माझा ड्राइव्हवे सपाट, म्हणून ट्रक माझ्याकडे यायचा. वाटणी कशी करायची यावर मित्राची आणि माझी उगाचच चेष्टामस्करी चालली होती, तेव्हा काकूंनी त्यांच्या दुकानातला भागीदारीचा नियम सांगितला. जो वाटे करतो त्यानं शेवटी उचलायचं. मग वाटे आपोआप सारखे होतात. मी दोन थप्प्या लावायचो, मित्र येऊन उगीच हातात काल्पनिक काठी धरल्यासारखं दोन्हींभोवती फिरायचा आणि म्हणायचा, "ही. त्या दुसरीत तू काहीतरी गडबड केलीयेस, तुझं तोंड सांगतंय." तीन वर्षं असंच चाललं.

चौथ्या वर्षी, एप्रिलच्या सुरुवातीला, पॅलेट आला तेव्हा मित्र ऑकलंडला क्लायंटकडे गेला होता. निदान मला तसं सांगितलं होतं. फोन केला तर म्हणाला, "अरे, मी पुढच्या आठवड्यात येतोय. तूच वाट आणि तूच पोचव. तू वाटलंस काय आणि मी निवडलं काय, एकच ना."

बॅगा त्या दिवशी आत घ्यायच्या होत्या. माझी मीटिंग लांबली. मी नुसती ताडपत्री टाकली, वर दोन विटा ठेवल्या. रात्री वारा सुटला. आमच्याकडचा वारा विटांना जुमानत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. सकाळी ताडपत्री कुंपणाला अडकलेली आणि एका बाजूच्या बॅगांवर पाण्याची तळी. त्या प्लास्टिकच्या बॅगांना हवेसाठी बारीक भोकं असतात. मी एकेक बॅग दाबून पाहिली. कोरडी बॅग दाबली की आतून खरखर आवाज येतो. अकरा बॅगा काही बोलल्याच नाहीत. एकीचा कोपरा चाचपला तर आत कणकेसारखं मऊ लागलं.

पेलेट एकदा फुगला की वाळवून पूर्ववत होत नाही. त्याचा भुसा होतो. तो शेगडीच्या स्क्रूत गेला की अडकून बसतो. हे मला पक्कं माहीत होतं. मीच मुलीला ग्लासभर पाण्यात पेलेट टाकून दाखवलं होतं, दोन मिनिटांत तो कसा ढासळतो ते.

मी त्या अकरा बॅगा वेगळ्या काढून माझ्या गराजच्या दाराशी ठेवल्या. चूक माझी होती, त्या माझ्या वाट्याला. बागेत झाडांच्या बुडाशी टाकू, असं ठरवलं. हे मी स्वतःच्या बाजूनं म्हणून लिहीत नाहीये. उलट यामुळे पुढचं जास्तच वाईट दिसतं. काय बरोबर आहे ते मला गुरुवारी सकाळी आठ वाजता नीट कळत होतं.

गुरुवारीच दुपारी, ऑफिसजवळ जेवताना, आमच्या ओळखीचा एक जण टेबलाशी येऊन बसला. जॉन्सनव्हिलला राहतो, पुण्याचाच. इकडचं तिकडचं झालं आणि तो म्हणाला, "तुझी ट्रेनची जोडी फुटणार मग. ब्रिस्बेनचा इंटरव्ह्यू कसा झाला त्याचा? काल होता ना?"

"काल तो ऑकलंडला होता," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अरे, मला वाटलं तुला... म्हणजे रेफरन्ससाठी त्यानं मलाच विचारलं होतं. ऑगस्टपासून चाललंय त्याचं. जाऊ दे, मी काही बोललो नाही."

ऑगस्टपासून. म्हणजे आठ महिने. आठ महिने रोज सकाळी हा माणूस माझ्या शेजारी बसत होता. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांची सगळ्यांत जास्त टिंगल तोच करायचा. "इथला पासपोर्ट घ्यायचा आणि उडायचं. धर्मशाळा समजतात लोक देशाला." दोन्ही घरांना मिळून पेलेट ठेवायला एक शेड बांधू या, हे तीन आठवड्यांपूर्वी त्यानंच काढलं होतं, कागदावर मापंसुद्धा टाकली होती. मी ती मापं जपून ठेवली होती. माझं इथं दुसरं कोण होतं? ओळखी शंभर असतील. पण ज्याच्यापुढे गप्प बसलं तरी चालतं असा तो एकच. आणि त्यानं रेफरन्स कुणाकडे मागावा, तर ज्याला आम्ही दोघं मिळून हसायचो त्याच्याकडे.

मी भांडलो असतो तर बरं झालं असतं. मला भांडता येत नाही. फोन हातात घेतला, खिशात ठेवला.

शनिवारी वाटे केले. थप्प्या नाही लावल्या, निवडायला कुणी येणारच नव्हतं. बॅगा गाडीत भरताना मी पहिल्यांदा दाराशी ठेवलेल्या अकरा उचलल्या. हात थांबला नाही. डोक्यात एकच वाक्य चाललं होतं, जळू दे त्याचं त्याला. जुलैपर्यंत हा गेलेलाही असेल, मग काय फरक पडतो, असंही वाटलं. तो गेल्यावर त्या घरात कोण शेगडी पेटवणार आहे, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. शिवला नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. खरं सांगायचं तर शिवला होता, आणि मी तो बाजूला सारला. सुकतील तोवर, असं म्हणालो. इंजिनिअर माणूस.

गराज काकूंनी उघडून दिलं. "एकटाच आलास? थांब, मी एक बाजू धरते."

"नको काकू, जड आहेत."

"मग चहा टाकते. आणि बॅगा मी बघायच्या आहेत का?"

"नको, तुम्हीच तर पसंत केलेला माल आहे," मी म्हणालो.

ओल्या अकरा सगळ्यांत खाली, मागे. वर कोरड्या. मग आत जाऊन चहा प्यायलो. सोबत चिवडा होता, तोही खाल्ला.

मित्रानं मेमध्ये सांगितलं, ट्रेनमध्येच, बाहेर बघत. "सांगणारच होतो रे. पण तू गप्प झाला असतास आणि मला मग जाता आलं नसतं." मी अभिनंदन केलं. मला आधीच माहीत होतं हे मी त्याला सांगितलं नाही, म्हणजे त्याची फसवणूक आठ महिन्यांची तर माझीही चालू झालीच होती. बॅगांचं त्या क्षणी सांगता आलं असतं. "आणि हो, तुझ्या गराजमध्ये खालच्या रांगेत घाण माल आहे, तो काढून टाक," एवढंच. स्टेशन आलं, उतरलो.

तो जूनमध्ये एकटाच पुढे गेला. वहिनी, मुलं आणि काकू डिसेंबरात शाळेचं वर्ष संपेपर्यंत इथंच राहणार होत्या. वहिनी नर्सिंगच्या कामाला, लांबलांब शिफ्ट. मुलं दिवसभर शाळेत. घरात काकू आणि शेगडी.

जुलैच्या मध्यावर मित्राचा ब्रिस्बेनहून फोन आला. शेगडी बंद पडलीय, आई एकटी आहे, जरा जाऊन ये ना. मी व्हॅक्यूम घेऊन गेलो. काकू स्वेटरवर शाल, शालीवर मित्राचं जुनं जॅकेट घालून दारातच उभ्या. मी शेगडीची पेटी उघडली. स्क्रूच्या तोंडाशी भुशाचा गच्च गोळा बसला होता, ओल्या लाडवासारखा. तो मी बोटांनी उकरून काढायला लागलो. अर्धा तास लागला. काकू पूर्ण वेळ माझ्या मागे उभ्या होत्या.

"साहेब, मला त्या बॅगेचा वास वेगळा आला होता," त्या म्हणाल्या. "कुबट. पाणी लागलेल्या गव्हाला येतो तसा. मी हात घालून बघणारही होते. पण म्हटलं, थप्पी तू लावलेली. तू बघूनच ठेवली असशील. मला आपला भास झाला, सर्दीपण आहे थोडी. म्हणून ओतली."

माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी स्क्रूतून भुसा काढत राहिलो.

"माझ्याकडून काय चुकलं रे? खरं सांग."

मी म्हणालो, "बॅग उघडी राहिली असेल काकू. इथल्या हवेत दमट होतात. वापरून झाली की तोंड नीट बंद करत जा."

त्या म्हणाल्या, "मी कपड्यांचा चिमटा लावते रोज. एखाद्या दिवशी विसरले असेन."

बॅगा ठेवल्या त्याला निदान राग होता, काहीतरी कारण होतं. या बाईंवर माझा कसलाच राग नव्हता. त्या विचारत होत्या आणि काहीतरी उत्तर द्यायचं होतं, आणि जवळ होतं ते दिलं. शेगडी सुरू करून दिली. जाताना गराजमध्ये शिरून उरलेल्या ओल्या बॅगा उचलून न्याव्यात असं मनात आलं. पण मग नेताना काय सांगायचं? मी सरळ घरी आलो.

मित्रानं त्याच संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर झापलं. मला नंतर वहिनींकडून कळलं. "आई, एवढी साधी गोष्ट! इथल्या मशीन नाजूक असतात, मार्केट यार्ड नाहीये ते." त्यावर काकू म्हणाल्या, "साहेबही तेच म्हणाले."

चार दिवसांनी शेगडी पुन्हा बंद पडली. यावेळी काकूंनी कुणालाच सांगितलं नाही. आपल्या हातून पुन्हा बिघडली, आता पुन्हा बोलणी खायची, म्हणून. वहिनी कामावरून यायच्या तेव्हा काकू निजायच्या खोलीत गेलेल्या असायच्या, तिथं छोटा हीटर होता. बैठकीतली शेगडी सकाळी विझवलीय, उकडत होतं, असं सांगायच्या. दिवसभर त्या स्वयंपाकघरात ओव्हन पेटवून, दार उघडं टाकून, स्टुलावर बसून राहायच्या. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी वहिनींना त्यांचा खोकला ऐकू आला तो वेगळाच. छातीत कफ भरला होता. त्या हॉस्पिटलात सहा दिवस होत्या.

मी रोज डबा घेऊन जायचो. माझी बायको भरून द्यायची, मऊ भात, वरण. एक दिवस काकूंनी डबा उघडला, घास घेतला आणि म्हणाल्या, "तांदूळ चांगला आहे का रे हा? मला कळेना." बायकोनं घरी विचारलं, आवडलं का? मी म्हणालो, आवडलं.

त्या हॉस्पिटलात असतानाच मी वहिनींना म्हणालो की पेलेट मी बघतो, आणि सगळ्या राहिलेल्या ओल्या बॅगा गाडीत घालून गावाच्या कचरा डेपोवर नेऊन टाकल्या. त्यांच्या जागी माझ्या कोरड्या नऊ ठेवल्या. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही किती करता." मी पुरावा नष्ट करत होतो. हाच शब्द योग्य आहे.

काकूंनी डिसेंबरची वाट पाहिली नाही. ब्रिस्बेनला जाणार नाही, पुण्याला लेकीकडे जाते, म्हणाल्या. मित्र रागावला, रडलाही म्हणे. पण त्या ठाम होत्या. "परक्या मुलखातली यंत्रं माझ्या हाताला येत नाहीत. उद्या काही पेटवून बसेन." त्यांना एअरपोर्टवर सोडायला मीच गेलो. व्हीलचेअरवर बसवलेलं त्यांना आवडलं नव्हतं. माझा हात धरून म्हणाल्या, "तू जवळ होतास म्हणून निभावलं. नाहीतर मी सुनेचं घर जाळलं असतं."

मी वाकून नमस्कार केला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मागे दोन माणसं ट्रॉली घेऊन थांबली होती.

मित्राशी आता क्वचित बोलणं होतं. त्याच्यावरचा राग कधी गेला ते कळलंही नाही. त्याची फसवणूक साधी होती. माणूस लाजून लपवतो तशी. मी त्याला त्याबद्दल जी शिक्षा दिली ती त्याला मिळालीच नाही. आणि आईचं म्हातारपण आलं, विसरायला लागली, असं तो आता सगळ्यांना सांगतो. हे त्याला माझ्यामुळे खरं वाटतं.

गेल्या जानेवारीत मी पुण्याला गेलो होतो. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. विमानात वाक्यं जुळवली. काकूंच्या लेकीच्या फ्लॅटवर पोचलो तर त्या खुर्चीत बसून टीव्ही बघत होत्या. हात मांडीवर. मला बघून फार खूश झाल्या. "आलास साहेब! टाय कुठाय?" त्यांची लेक चहा करत होती. काकू उठून ओट्याशी गेल्या तर ती म्हणाली, "आई, राहू दे गं, तू बस. गॅसला हात नको लावूस." माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "न्यूझीलंडची शेगडी बिघडवून आली आहे ना, तेव्हापासून आम्ही तिला कशालाच हात लावू देत नाही."

काकूही हसल्या. "हो रे. इथं सोसायटीत सगळ्यांना माहितीये. हजारो मैलांवर जाऊन शेगडी बिघडवणारी बाई."

मग लेक फोनवर बोलायला आत गेली. काकूंनी फडताळातून तांदळाची एक पिशवी काढली, कालच दुकानातून आलेली, आणि माझ्या हातात दिली. "बघ रे जरा. बरा आहे का हा? वाण्यानं बदलून दिलाय असं मला वाटतंय, पण आता माझा भरवसा नाही. कुणाला सांगितलं तर हसतील."

मी पिशवीत हात घातला. मूठभर तांदूळ बाहेर काढला. मला तांदळातलं काहीही कळत नाही, कधीच कळलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तेव्हा त्यांना एवढंच म्हणायचं होतं की काकू, तुम्हाला वाटतंय तेच बरोबर असणार, तेव्हाही होतं. वाक्य तयार होतं.

"बरा आहे," मी म्हणालो.

"बरा आहे ना? मग झालं," त्या म्हणाल्या आणि पिशवी परत फडताळात ठेवून दिली.

मी चहा पिऊन निघालो. ही त्यांच्याशी तिसऱ्यांदा केलेली फसवणूक. तिसऱ्या वेळी तर समोर मशीन नव्हतं, राग नव्हता, काही लपवायलाही उरलं नव्हतं. सवय झाली होती, एवढंच.

आता त्या एकोणऐंशीच्या आहेत. दर रविवारी सकाळी मी फोन करतो, त्या हवापाणी विचारतात, मी सांगतो. हे सगळं मी इथं लिहिलं, तरी काकू मराठी मासिकं वाचत नाहीत, डोळे दुखतात त्यांचे. म्हणजे हे लिहून माझं काही फिटलेलं नाही.

मी त्यांना जे देणं लागतो ते असं आहे. माल त्यांनी बरोबर पसंत केला होता. बॅगा माझ्याकडे भिजल्या आणि मी जाणूनबुजून त्यांच्याकडे ठेवल्या. त्यांनी बॅगेचं तोंड कधीही उघडं टाकलं नाही. हे मला त्यांना स्वतः सांगायचं आहे, आणि त्यांच्या मुलासमोर आणि लेकीसमोर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.